ब्लजन, कजल आणि आपला सोटा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी बातम्यांत आणि अग्रलेखांत 'ब्लजन' (bludgeon) हा शब्द वरचेवर भेटतो. कोशात पाहिलं तर 'सोटा, दंडुका' एवढंच मिळतं. मग 'ही वॉज ब्लजन्ड इन्टू सायनिंग' या वाक्यात त्या माणसाला सोट्याने बडवून सही घेतली असं समजायचं का? आणि क्लब, कजल, ट्रन्चन हेही सोटेच असतील, तर ब्लजनचं वेगळेपण कशात?

सहीच्या वाक्यात कुणी कुणाला हात लावला असेलच असं नाही, बहुधा लावलेला नसतोच. पण तिथवर जाण्याआधी मुळात ती वस्तू कशी असते ते पाहून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं आहे.

ब्लजन म्हणजे आखूड, जाड आणि एका टोकाला जड असलेला सोटा. यातलं 'एका टोकाला जड' हे शब्द कोशात वाचताना डोळ्यांखालून निसटतात, आणि तेच महत्त्वाचे आहेत. काठीचा मार तिच्या लांबीतून आणि वेगातून येतो, ब्लजनचा वजनातून. धरायची बाजू बारीक, मारायची बाजू ठोसर. कधी त्या टोकात शिसं भरून ते आणखी वजनदार केलेलं. फिरवायला तालीम नको, हातचलाखी नको, नेम थोडा चुकला तरी बिघडत नाही. लाठीला आखाडा असतो, तलवारीला उस्ताद असतो, याला काही म्हणता काही लागत नाही. म्हणून इंग्रजी लिखाणात ब्लजन दिसतं ते गुंडाच्या, वाटमाऱ्याच्या, दंगलखोराच्या हातात. सरदाराच्या कमरेला कधी दिसायचं नाही. वजन भरपूर आणि कसब शून्य, हा या शब्दाचा गाभा. लाकूड विसरलात तरी चालेल, या दोन गोष्टी विसरू नका.

उच्चार 'ब्लजन' असा, दोनच अक्षरांत, जोर पहिल्यावर. स्पेलिंगमधला 'डी' वेगळा ऐकू येत नाही. शेवट 'सर्जन', 'पिजन', 'डंजन' यांच्यासारखा. आपल्याकडे दोन ज आहेत म्हणून सांगायला हवं: हा ज 'जन्म'मधला, 'जमीन'मधला नव्हे. 'ब्लडजिऑन' असा उच्चार मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे. त्यामागे बहुतेक 'ब्लड', म्हणजे रक्ताशी शब्दाचं नातं असणार हा समज असतो.

तसं नातं सिद्ध झालेलं नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा शब्द इंग्रजीत छापलेला सापडतो आणि त्यामागचा माग हरवतो. गंमत म्हणजे त्याच्याशी यमक जुळणारे दोन शब्द, तिरसट म्हाताऱ्यासाठीचा 'कर्मजन' आणि रुसव्यासाठीचा 'डजन', हेही असेच बेवारस आहेत. कर्मजनची एक गोष्ट कोशकारांच्या जगात आवडीने सांगितली जाते. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या कोशात या शब्दाचं मूळ फ्रेंच 'कर मेशां', म्हणजे 'दुष्ट हृदय', असं दिलं आणि ही माहिती एका अज्ञात पत्रलेखकाकडून मिळाल्याची नोंद केली. 1775मध्ये जॉन अ‍ॅशने आपला कोश काढताना ती नोंद उचलली, पण वाचली उलटी: 'कर'चा अर्थ 'अज्ञात' आणि 'मेशां'चा अर्थ 'पत्रलेखक' असा छापून मोकळा झाला. तेव्हा ब्लजन आणि ब्लड यांची सोयरीक कुणी जुळवून दिली तर ऐकून घ्यावी, वहीत उतरवू नये.

आता भाऊबंद. 'क्लब' हा सर्वांत मोठा आणि सर्वांत मोघम शब्द. जुन्या नॉर्सकडून, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेकडून आलेला, कुठल्याही जाड सोट्याला चालणारा. पत्त्यांतल्या किलवरला इंग्रजीत 'क्लब्ज' का म्हणतात, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, कारण चित्र तर तीन पाकळ्यांच्या पानाचं असतं. स्पॅनिश पत्त्यांत त्या रंगावर खरोखरच सोटे काढलेले असतात. इंग्रजीने नाव तिकडचं ठेवलं आणि चित्र फ्रेंच पत्त्यांचं घेतलं.

'ट्रन्चन' म्हणजे पोलिसाचा दंडुका. लंडनचं महानगर पोलीस दल 1829मध्ये उभं राहिलं तेव्हापासून फार काळ तो त्या शिपायाच्या ओळखीचा भाग होता. शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमधलं, अर्थ 'तुटका ओंडका'. 'मेस' म्हणजे धातूच्या डोक्याची गदा, आणि ती मानाची वस्तू आहे. ब्रिटिश संसदेत आजही समारंभाने आणली जाते. म्हणून ब्लजनला मराठीत 'गदा' म्हणू नये. गदा म्हटलं की आपल्यापुढे भीम किंवा मारुती उभा राहतो, आणि ज्याच्या हातात ब्लजन आहे त्याला तो मान द्यायचा नसतो. आकाराने पाहिलं तर ब्लजनच्या सर्वांत जवळचा आपला शब्द 'मुद्गर'. मान बारीक, पोट जड. पण मुद्गर मराठी मनात व्यायामाला बसलेला आहे, त्याला तिथून उठवणं अवघड.

'लाठी' तर साफ चूक. ती लांब, हलकी, लवचीक. शिवाय हा शब्द इंग्रजी कोशांत स्वतःच्याच नावाने जाऊन बसला आहे, त्यामुळे लेखकाला लाठी म्हणायची असती तर त्याने लाठीच म्हटलं असतं.

कजलवर थोडं थांबायला हवं, कारण ब्लजनशी सर्वांत जास्त गल्लत त्याची होते. कजल हा फार जुना शब्द, अकराव्या शतकाच्याही आधीच्या इंग्रजीतला. वस्तू म्हणून तोही आखूड जाड सोटाच, पण त्याला गावकी आहे, खेळ आहे. इंग्लंडच्या जत्रांत कजलचे सामने होत. आज तो हातात कुणी धरत नाही. उरला आहे तो दोन वाक्प्रचारांपुरता. पहिला 'टेक अप द कजल्ज', म्हणजे कुणाची बाजू घेऊन भांडायला उभं राहणं. मराठीत सरळ 'कैवार घेणे'. लेखकाच्या सुरात थोडा कुत्सितपणा असेल तर 'वकीलपत्र घेणे' त्याहून झकास बसतं: 'तू कशाला त्याचं वकीलपत्र घेतोस?' दुसरा 'कजल वन्स ब्रेन्स', डोक्याला ताण देणे. शेक्सपियरच्या हॅम्लेटमध्ये, पाचव्या अंकाच्या सुरुवातीला, थडगं खणणारा आपल्या जोडीदाराला कोडं घालतो. त्याला उत्तर सुचत नाही असं पाहून म्हणतो: आता डोक्याला सोटे घालू नकोस, तुझं हे मठ्ठ गाढव मारून काही चाल वाढवणार नाही. मेंदू हे गाढव आणि विचार करणं म्हणजे त्याला बडवणं! हे चित्र एकदा दिसलं की वाक्प्रचार पाठ करावा लागत नाही. या दोन्ही ठिकाणी कजल काढून ब्लजन घातलं तर इंग्रजी कान दचकतो. कजल आपल्या माणसाच्या बाजूने उचलता येतं. ब्लजन कुणाच्या बाजूने उचलत नाहीत.

खऱ्या सोट्याचं नाव म्हणून ब्लजन आता फारसं चालत नाही, जिवंत आहे ते क्रियापद आणि नामाचा लाक्षणिक अर्थ. आधी क्रियापद. त्याची सर्वांत साधी जागा गुन्ह्याच्या बातमीत: 'ब्लजन्ड टू डेथ'. इथे सोटा असलाच पाहिजे असं नाही. हातोडा असेल, लोखंडी गज असेल, दगड असेल, फुलदाणीसुद्धा असेल. क्रियापद सांगतं ते इतकंच, की वस्तू जड आणि बोथट होती, घाव एकाहून अधिक होते आणि बहुधा डोक्यावर होते. सुरा चालवला तर हे क्रियापद नाही, गोळी झाडली तर नाही, नुसत्या थपडा मारल्या तरी नाही. आता बातमीचं मराठी करताना 'दंडुक्याने मारून खून' असं लिहिलं, आणि तिसऱ्या परिच्छेदात हत्यार हातोडा निघाला, तर उपसंपादकाची पंचाईत होते. अशा वेळी माझी पसंती 'ठेचून' या शब्दाला. 'डोके ठेचून खून' यात वजन आहे, बोथटपणा आहे, वारंवारता आहे आणि हत्याराचं नाव नाही. अगदी इंग्रजी क्रियापदासारखंच. 'बेदम मारहाण' इथे फिकं पडतं, कारण बेदम मारहाण लाथाबुक्क्यांनीही होते.

व्याकरण सोपं आहे. ज्याला मारलं तो थेट कर्म: 'ब्लजन्ड हिम', मध्ये 'ऑन' किंवा 'टू' काही नको. हत्यारासाठी 'विथ', परिणामासाठी 'टू डेथ', आणि मनाविरुद्ध करायला लावलेल्या गोष्टीसाठी 'इन्टू'.

हा 'इन्टू' आला की सोटा बाजूला ठेवायचा. 'ब्लजन्ड इन्टू सायनिंग' म्हणजे त्याच्या मागे लागून, धाकदपटशा करून, तेच तेच पुन्हा पुन्हा अंगावर घालून त्याला इतका जेरीला आणला की शेवटी सही करून तो सुटला. मराठीत एकच ठरलेला शब्द शोधत बसू नये. दबाव कसला होता ते बघून ठरवावं. एकाच माणसावर सतत दबाव असेल तर 'डोक्यावर बसून सही करून घेतली'. समितीवर बहुमताने किंवा अधिकाराने लादलं असेल तर 'समितीच्या गळी उतरवलं'. देशांमधल्या वाटाघाटी असतील तर 'नाक दाबून तोंड उघडायला लावलं' हेही चालतं, फक्त त्यात थोडी हुशारी डोकावते आणि ब्लजनमध्ये हुशारी नसते, एवढं ध्यानात ठेवावं. 'मन वळवलं' मात्र कधीही नको. 'पर्स्वेड' आणि 'ब्लजन' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. लेखकाने मुद्दाम ब्लजन निवडलं असेल तर तो तक्रार करतो आहे, आणि ती तक्रार भाषांतरात उतरली पाहिजे.

कायदा, कर, चौकशी किंवा नियम यांचा 'ब्लजन' म्हणून वापर होतो, असं वाक्य अग्रलेखांत हमखास येतं. इथे मराठीला कुणाकडे हात पसरायची गरज नाही, आपला 'बडगा' तयारच आहे. बडगा म्हणजेही जाड सोटा, आणि आज तो खऱ्या सोट्यासाठी जवळजवळ कुणीच वापरत नाही. कायद्याचा बडगा, कारवाईचा बडगा, एवढाच उरला आहे. दोन्ही भाषांत वस्तू गेली आणि लाक्षणिक अर्थ राहिला. पण दोघांत एक बारीक फरक आहे. आपण बडगा 'उगारतो' किंवा 'दाखवतो'. तो बहुतेक वेळा हवेत असतो, आणि त्याचं काम धाक घालणं. इंग्रजी ब्लजन खाली आलेलं असतं. शिवाय कारवाईचा बडगा हे आपल्या बातम्यांत पुष्कळदा कौतुकाने म्हटलं जातं: पालिकेने अतिक्रमणांवर बडगा उगारला, बरं झालं. इंग्रजी वाक्यात असं कौतुक नसतं. त्यामुळे नाम असेल तर 'बडगा' घ्यावा आणि सोबत सूर सांभाळावा: 'विरोधकांना गप्प करायला कायद्याचा बडगा वापरला जातो आहे.' इथे 'उगारला'ऐवजी 'वापरला' केल्याने तो खाली आला. एकूण कारभाराबद्दल बोलणं चाललं असेल तर 'दंडुकेशाही'.

वादविवाद आणि समीक्षा हे या शब्दाचं आणखी एक आवडतं मैदान. इंग्रजीत विनोदाचे किंवा टीकेचे दोन प्रकार सांगताना 'रेपियर' आणि 'ब्लजन' अशी जोडी लावतात. रेपियर म्हणजे बारीक पात्याची, भोसकायची तलवार. लागते तेव्हा कळतही नाही. मराठीत या जोडीतला पहिला गडी ओळखायला वेळ लागत नाही: तो 'शालजोडीतला'. मग दुसरा 'सोटा'. 'त्यांची टीका शालजोडीतली नसते, सरळ सोटा असतो' हे वाक्य कुणाला भाषांतर वाटणार नाही. आकडेवारीने वाचकाला 'ब्लजन' केलं असं समीक्षक म्हणतो तेव्हा 'आकडेवारीचा मारा' किंवा 'भडिमार' पुरतो. 'सरबत्ती' नको, ती झटपट झडते, आणि ब्लजन जड व संथ असतं.

इथेच एक सापळा. एकच मुद्दा पुन्हा पुन्हा सांगण्याला आपल्याकडे 'कानीकपाळी ओरडणे' म्हणतात, आणि नवशिके भाषांतरकार 'ब्लजनिंग द पॉइंट' ला तेच लावतात. पण कानीकपाळी ओरडणारा बिचारा असतो. तो सांगून थकला आणि ऐकणाऱ्याने मनावर घेतलं नाही. ब्लजनमध्ये थकलेला ऐकणारा असतो. सहानुभूतीची बाजूच उलटी. 'मुद्दा डोक्यात हाणत राहणे' ओबडधोबड वाटेल, पण मूळही ओबडधोबडच आहे.

साहित्यातल्या दोन जागा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिली विल्यम अर्नेस्ट हेन्लीची. हाडाच्या क्षयाने त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. दुसराही जायचा, तो एडिंबरोत जोसेफ लिस्टरच्या उपचारांनी वाचला. त्या रुग्णालयात, 1875मध्ये, लिहिलेल्या कवितेत तो म्हणतो: 'अंडर द ब्लजनिंग्ज ऑफ चान्स, माय हेड इज ब्लडी, बट अनबाउड.' 1888मध्ये ती पुस्तकात आली. 'इन्व्हिक्टस' हे नाव तिला पुढे आर्थर क्विलर-कूच याच्या संपादनात, 1900मध्ये मिळालं. इथे ब्लजनिंग्जसाठी 'टक्केटोणपे' हा शब्द जिभेवर येतो, आणि तो येतो तेही योग्य कारणाने: टोणपा म्हणजे सोट्याचाच तडाखा. तरी मी तो घेणार नाही. टक्केटोणपे खाऊन माणूस शहाणा होतो, असा त्याला घरगुती समजूतदारपणा चिकटला आहे. इथे तर डोकं रक्तबंबाळ आहे. 'दैवाचे सोटे' म्हटलं तर वजन टिकतं. अनबाउडसाठी 'मोडेन पण वाकणार नाही' हीही अशीच हाताशी आलेली म्हण, पण हेन्ली मोडायचीही तयारी दाखवत नाही. 'मस्तक रक्ताने माखलं, झुकलं नाही' एवढं पुरे.

दुसरी जागा ऑस्कर वाइल्डच्या 1891च्या निबंधातली. अब्राहम लिंकनने 1863मध्ये गेटिसबर्गला म्हटलेली 'लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी' ही तिहेरी रचना वाइल्ड उचलतो आणि मध्ये फक्त ब्लजनिंग घालतो: लोकशाही म्हणजे लोकांनी लोकांसाठी लोकांना झोडपणं. या वाक्यात सगळी मजा त्या एका शब्दाच्या जडपणात आहे. 'दडपशाही' घातली तर राजकीय विधान राहतं, विनोद जातो.

क्रिकेटच्या इंग्रजी वर्णनांतही हे क्रियापद भरपूर येतं, आणि तिथे मात्र ते शिवी नसतं. फलंदाजाने गोलंदाजी 'ब्लजन' केली म्हणजे त्याने धावा ताकदीने काढल्या, टायमिंगने नव्हे. मराठीत 'झोडपून काढली' बसवा आणि पुढे चला. 'पिसं काढली', 'चिंध्या उडवल्या' यांत फजिती आहे, वजन नाही.

ब्लजन समजून भलत्याच शब्दाचा अर्थ लावायची चूक परीक्षेच्या वह्यांत फार दिसते. 'बर्जन' हा वेगळा शब्द. त्याचा अर्थ अंकुर फुटणे, झपाट्याने वाढणे. 'बर्जनिंग मार्केट' म्हणजे फोफावणारी बाजारपेठ; तिला कुणी झोडपलेलं नाही. आणि ऑस्ट्रेलियन मजकुरात 'ब्लजर' दिसला तर तो मारकुटा समजू नका. मूळ शब्द 'ब्लजनर', म्हणजे सोटा बाळगणारा गुंड. पुढे तो वेश्यांच्या कमाईवर जगणाऱ्या दलालाला लागला, आणि घासत घासत त्याचा अर्थ नुसता 'दुसऱ्याच्या जिवावर जगणारा' एवढा उरला. त्याच्यापासून 'ब्लज' हे क्रियापदही निघालं, काम टाळून फुकट खाणे या अर्थाचं. 'डोल ब्लजर' म्हणजे काम न करता सरकारी बेकारभत्त्यावर जगतो असा ज्याच्यावर आरोप आहे तो. मराठीत त्याला 'ऐतखाऊ' म्हणा, किंवा मजकूर हलकाफुलका असेल तर 'आयतोबा'.